अडखळायची ओळ

कृतज्ञ माणसाला नीट रागावता येत नाही. राग आला की आधी समोरच्याचे उपकार आठवतात, आणि ते आठवून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. कार्डिफमध्ये एम.ए. करत होते तेव्हा माझं असंच झालं. त्या वेळी जे अर्धंमुर्धं बोलले ते आता पुरतं लिहून टाकते.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. नवरा पुण्याच्या कंपनीतर्फे कार्डिफमधल्या एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात कामाला आला होता आणि त्याच्यामागून मी, डिपेंडंट व्हिसावर. घरात बसून खिडकीतून पाऊस आणि समुद्रपक्षी बघायचा कंटाळा आला तेव्हा मी विद्यापीठात अर्धवेळ एम.ए.साठी अर्ज केला. इंग्रजी साहित्य. त्यांनी घेतलंही, वर शिष्यवृत्ती दिली. पत्र आलं त्या दिवशी मी ते देवापुढे ठेवलं. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते आणि आई सहीच्या जागी अंगठा उठवायची. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, तीही मराठवाड्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातून. तिथं पुस्तकं कुलूपबंद कपाटात असत. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, शिपाई मर्जीत असेल तर पुस्तक मिळायचं. कार्डिफच्या ग्रंथालयात पहिल्यांदा मी स्वतःच्या हातानं फळीवरचं पुस्तक काढलं आणि कोणी ओरडतं का म्हणून मागे वळून पाहिलं. कोणी ओरडलं नाही. हे उपकार मी विसरलेले नाही.

आमचे प्राध्यापकही चांगले होते. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कविता ते शिकवायचे. सायकलवरून यायचे आणि हेल्मेट टेबलावर उलटं ठेवून त्यात किल्ल्या टाकायचे. ईमेल पाठवली की त्याच दिवशी उत्तर. मला पहिल्या नावानं हाक मारा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मला ते काही जमलं नाही. माझ्या प्रत्येक ईमेलची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ अशी असायची. ते वर्गात आले की मी उठून उभी राहायची. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, मी बाहेर निघाले आहे. त्यांनी अदबीनं दार उघडून धरलं.

अभ्यासक्रमात मोठे म्हणवले जाणारे दोन-तीन कवी होते. त्यांना आठवडेच्या आठवडे दिले होते. आणि एक कवी होता ज्याला एका तासाचा अर्धा भाग दिला होता. कवींची नावं मी इथे लिहीत नाही, इतर माणसांचीही लिहिणार नाही. हा कवी त्याच्या काळात अमेरिकेत घरोघरी वाचला जायचा. समुद्राच्या कविता, लहान मुलांच्या कविता, पद्यात सांगितलेल्या लांबलचक गोष्टी असं पुष्कळ त्यानं लिहिलं होतं. पुढं त्याचं नाव खाली आलं आणि तो शाळेच्या पुस्तकांपुरता उरला. आमच्या अभ्यासक्रमात तो होता तो वाईट कविता कशी असते हे दाखवण्यासाठी. मोठ्या कवींनी ज्याच्याविरुद्ध बंड केलं तो हा.

आणि मला तर त्यानंच इंग्रजी शिकवलं होतं.

ते असं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडे या कवीचं एक जाडजूड पुस्तक होतं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली. पाठ्यपुस्तकात त्याची एकच कविता होती, पण शनिवारी शेवटच्या तासाला सर ते पुस्तक काढत आणि त्यातली एखादी कविता फळ्यावर लिहीत. लिहून झाली की हात झटकत आणि वर्गाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहत. आम्ही माना वळवल्या की म्हणत, “माझ्याकडं काय बघता? मी काय कविता आहे? समोर बघा.”

आम्हाला इंग्रजी येत नव्हतं. सर म्हणाले, “इंग्रजी येत नाही ना? पाढे येतात? मग पाढ्यांवर बसवू.” आणि खरोखरच त्यांनी कविता पाढ्यांच्या चालीवर बसवल्या. बे एके बे, बे दुणे चार, त्याच ठेक्यात, त्याच झुलण्यात. आख्खा वर्ग पुढं-मागं डोलत अमेरिकेतला समुद्र म्हणायचा. आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता.

त्यातली एक कविता माझी सर्वांत आवडती होती. समुद्रकाठच्या गावात एक म्हातारी राहते. धुकं पडलं की तिनं घंटा वाजवायची, म्हणजे मासेमारीच्या होड्यांना आवाजावरून किनारा सापडतो. तिचा मुलगाही समुद्रावर गेलेला आहे. ती दोर ओढत राहते, होड्या एकेक करून लागत राहतात. कवितेचा ठेका घंटेचा आहे. सगळ्या ओळी सारख्या, ठोक्याला ठोका. शेवटाकडे मात्र एक ओळ अशी आहे की तिथे पाढ्याची चाल बसत नाही. एक ठोका कमी पडतो. पहिल्यांदा म्हणताना आम्ही सगळे तिथे एकदम अडखळलो आणि एकमेकांकडे बघायला लागलो. मागून सरांचा आवाज आला.

“अडखळलात? बरं झालं. तिथं अडखळायचंच आहे. म्हातारीचा हात थांबलाय.”

“का थांबला सर?”

“शेवटची होडी लागली. आता मोजा, कोण आलं नाही ते.”

कवीनं कुठेही म्हटलेलं नाही की ती थांबली, किंवा मुलगा आला नाही. ओळीतून फक्त एक ठोका गळलेला आहे. पुढच्या ओळीत घंटा पुन्हा सुरू होते आणि कविता संपेपर्यंत वाजत राहते, आता कुणासाठी ते न सांगता. मी सातवीत होते. अंगावर काटा आला, आणि इंग्रजी ही भाषा आहे, नुसता नापास व्हायचा विषय नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

तर कार्डिफमध्ये नेमकी तीच कविता आमच्या प्राध्यापकांनी छापून वाटली. म्हणाले, याचं वृत्त घड्याळासारखं आहे, कधी चुकत नाही, आणि म्हणून यात कधी काही घडतही नाही. मग त्यांनी विचारलं, “कोणी वाचून दाखवेल?”

वर्ग गप्प. तिथली मुलं हात वर करत नसत, बुटांकडे बघत बसत. मला ते नेहमी विचित्र वाटायचं. शिक्षकांनी विचारावं आणि वर्गानं गप्प बसावं म्हणजे काय? मी उठून उभी राहिले. दोन्ही हात मागे बांधले. आमच्याकडे म्हणतात तसं आधी कवितेचं नाव सांगितलं, मग कवीचं नाव, आणि कागद न बघता म्हणायला सुरुवात केली. मला ती कविता चालीशिवाय येतच नव्हती. पहिलं कडवं झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी डोलते आहे. दुसऱ्या कडव्यात घंटेचा दोर ओढायचा हातवारा होता, सरांनी बसवलेला. तोही झाला. समोर एका मुलानं मफलरमध्ये तोंड खुपसलं. त्याच्या शेजारच्या मुलीचे खांदे हलत होते. मी थांबले नाही. पाठांतर म्हणताना मध्ये थांबलं की सगळं जातं.

मग ती ओळ आली. मी अडखळले. म्हातारीचा हात थांबला.

वर्ग मोठ्यानं हसला. त्यांना वाटलं, मी विसरले. एका मुलीनं दयेनं पुढचा शब्द हळूच सांगितला. मी पुढच्या ओळी म्हणून शेवटपर्यंत गेले, नमस्कार केला आणि खाली बसले.

प्राध्यापक हसले नव्हते. ते पुढे वाकून बसले होते.

“फारच छान,” ते म्हणाले. “ही चाल कुठली? पारंपरिक मंत्र आहे का?”

“नाही सर. पाढे आहेत. दोनाचा पाढा.”

त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं. म्हणाले, “हे खरं इंटरेस्टिंग आहे.”

मी वाट पाहत होते, आता ते त्या ओळीबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं नाही. तास पुढच्या कवीकडे गेला.

चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ एक बाई येऊन बसल्या. आमच्याच वर्गात होत्या, नोकरीतून निवृत्त झाल्यावर शिकायला आलेल्या, जवळच्याच कोळशाच्या खाणींच्या दरीतल्या. त्या वर्गात मला हसल्या नव्हत्या.

“हात मागे बांधायला कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“आमच्या सरांनी.”

“आम्हाला चॅपलमध्ये, गावच्या छोट्या चर्चमध्ये, शिकवायचे. उभं राहायचं, हात मागे, आधी कवीचं नाव. चुकलं की घरी गेल्यावर आईचा मार.” त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. “ती पोरं का हसली माहिती आहे? त्यांना पाठ काहीच येत नाही.”

मला बरं वाटलं. पण रागाचं काय करायचं ते कळत नव्हतं. हसले म्हणून राग आला होताच. त्याहून जास्त राग कुठे हसले याचा होता.

मला त्या टर्ममध्ये प्रबंधाचा विषय ठरवायचा होता, ईस्टरच्या सुट्टीआधी. माझा विषय ठरलेला होता: याच कवीच्या कविता. मी ग्रंथालयातून त्याचे सगळे खंड आणले होते, आणि वाचता वाचता मला दिसलं होतं की घंटेच्या कवितेत जे होतं ते दुसरीकडेही आहे. एक अंगाई आहे, तिच्यात आई पाळणा हलवते आणि एका ओळीत पाळणा हलत नाही. एका लांब गोष्टीत घोडेस्वार निघतो आणि दाराशी पोचल्यावर टाप चुकते. ज्याचं वृत्त कधी चुकत नाही म्हणून हिणवतात, तो कवी माणूस मरतो तिथे मुद्दाम चुकत होता, आणि तेही इतकं हळू की फक्त मोठ्यानं म्हणणाऱ्यालाच ते कळावं. हे मला लिहायचं होतं. मी दोन पानांचा प्रस्ताव करून दिला.

प्राध्यापकांचं उत्तर नेहमीप्रमाणे त्याच दिवशी आलं. फार प्रेमानं लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, या कवीच्या कवितांमध्ये प्रबंध पेलण्याइतकं बळ नाही. पण मी वर्गात जे करून दाखवलं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या लहान गावातली शाळा, पाढ्यांच्या चालीत अमेरिकन कविता, ते शिक्षक, त्यांची पद्धत, यावर मी लिहावं. असा दृष्टिकोन वर्गात दुसऱ्या कोणाकडे नाही. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, तू स्वतःच तुझं साधन आहेस.

मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो कुकरची शिट्टी काढत होता.

“चांगलंय की,” तो म्हणाला. “वाचायचं पण काम नाही. सगळं तुझ्या डोक्यातच आहे. दोन आठवड्यांत डिलिव्हर करशील.”

“अहो, मला कवितेवर लिहायचंय. आमच्या शाळेवर नाही.”

“अगं, क्लायंटनं रिक्वायरमेंट बदलली की आपण काय करतो? बदलतो. वाद घालत नाही.”

“आणि क्लायंट चुकीचं सांगत असेल तर?”

“तेव्हा पण बदलतो. मग म्हणतो, तुम्ही सांगितलं तसंच केलंय.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी खाली ठेवली. “एवढी चिडलीस? तुझ्या सरांचं नाव होईल ना.”

“त्यांचा नमुना होईल.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी काही कवितेबद्दल बोलायचं नाही. मी कशी डोलते ते सांगायचं. कविता काय म्हणते ते दुसऱ्यांनी सांगायचं.”

त्यानं कुकरचं झाकण उघडलं. मग म्हणाला, “वरण जास्त घट्ट झालंय का बघ,” आणि मला कळलं की त्याला समजलं आहे, पण बाजू कोणाची घ्यायची ते ठरत नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या निवृत्त बाईंना विचारलं की त्यांचा विषय काय. त्या अमेरिकन युद्धकवितेवर लिहिणार होत्या. विषय एका ईमेलमध्ये मंजूर झाला होता.

“तुम्हाला कोणी चॅपलवर लिहायला सांगितलं का?” मी विचारलं. “तुम्ही पण पाठांतर केलंय. हात मागे बांधून.”

“मला?” त्या हसल्या. “मला कोण विचारतंय, डिअर.” मग कप फिरवत म्हणाल्या, “विचारलं असतं तर लिहिलं असतं मी. तुला निदान विचारलं तरी.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रस्त्यावरच्या पाट्यांवर त्यांची वेल्श भाषा इंग्रजीच्या बरोबरीनं लिहिलेली होती, पण त्या वर्गात तिची चौकशी कोणी करत नव्हतं. तरी माझा राग कमी झाला नाही. त्यांना कोणी विचारलं नाही ते चूक होतं, मला एवढंच विचारलं तेही चूक होतं. त्यांना कवितेच्या आत जायला मुभा होती, मला मात्र दारात उभं राहून माझ्या चपला कशा आहेत ते सांगायचं होतं.

भेटीची वेळ ठरली. जाताना बसमध्ये मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘तुमचे फार उपकार आहेत, पण’ असं येत होतं. ‘पण’च्या पुढे काही येत नव्हतं. गुरुजनांना उलट बोलू नये असं ज्या घरात रोज ऐकलं त्या घरात वाढलेल्या मुलीला ‘पण’च्या पुढचं वाक्य कोणी शिकवत नाही.

त्यांच्या खोलीत पुस्तकांचे ढीग होते. एका खुर्चीवरचा ढीग उचलून त्यांनी मला बसायला सांगितलं. चहा विचारला. मी छापील कविता काढली, ती ओळ दाखवली आणि बोटानं टेबलावर ठोके देत आधीची कडवी म्हणायला लागले. चाल पाढ्यांचीच. ओळ आली. बोट हवेत राहिलं.

ते बघत राहिले. मग त्यांनी स्वतः बोटानं ठोके दिले. पुन्हा दिले.

“छपाईची चूक असेल,” ते म्हणाले.

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. आमच्या शाळेत पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या पोरांना जे कळलं होतं ते छपाईची चूक. मी बॅगेतून खंड काढले, खुणेच्या चिठ्ठ्या लावलेले. अंगाई म्हणून दाखवली. घोडेस्वार म्हणून दाखवला. तिन्ही ठिकाणी मी थांबले. खाली कोणीतरी सायकल लावत होतं, तिची साखळी वाजली.

“तू वर्गात विसरली नव्हतीस,” ते म्हणाले.

“नाही.”

“आय सी.” त्यांनी चष्मा काढला. माणूस प्रामाणिक होता, हे मी लिहायलाच हवं. “हे चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. पण हे तुला दिसलं कशामुळे? पाढ्यांमुळे. तुझ्या शिक्षकांमुळे. म्हणजे पुन्हा गोष्ट तीच. तू ती मध्यभागी ठेव आणि कविता उदाहरण म्हणून घे.”

मी उठून उभी राहिले.

“बस ना,” ते म्हणाले. त्यांना वाटलं, मी निघाले.

“नाही सर. आमच्याकडे उत्तर उभं राहून देतात.”

आणि ‘पण’च्या पुढचं वाक्य आलं. मी म्हटलं, “तुम्हाला कविता कोणी शिकवली ते मी विचारलेलं नाही. तुम्ही इतके लेख लिहिले, त्यात तुमच्या शाळेचं नाव कुठे नाही. वर्गातल्या कोणाच्याच प्रस्तावात त्यांच्या शाळेचं नाव नाही. माझे सर कविता फळ्यावर लिहून वर्गाच्या मागे जाऊन उभे राहायचे, आम्ही त्यांच्याकडे बघू नये म्हणून. मी त्यांना ओढून फळ्यापुढे आणणार नाही. मी समोर जे लिहिलंय त्यावरच लिहीन. त्यात बळ नाही असं तुम्हाला वाटत असेल तर मला कमी मार्क द्या.”

इंग्रजीत एवढं सलग मी तोपर्यंत कधी बोलले नव्हते. ते काही वेळ उलट्या हेल्मेटमधल्या किल्ल्यांकडे बघत बसले. मग त्यांनी माझा प्रस्ताव ओढून घेतला आणि सही केली.

“मला अजूनही वाटतं, तू मोठी संधी सोडते आहेस,” ते म्हणाले.

“थँक यू, सर,” मी म्हटलं. काय करणार, सवय.

प्रबंध लिहिला. त्या उन्हाळ्यात मी कवीचं सगळं वाचलं, त्याच्या वाईट कविताही, आणि त्या पुष्कळ होत्या. ते मी लपवलं नाही. नवऱ्यानं परिशिष्टं टाइप करून दिली. प्रत्येक ओळीचे ठोके टेबलावर वाजवून तपासताना तो म्हणायचा, “हे टेस्टिंग आमच्याकडे कोणी करत नाही.” शेवटी तो स्वतःच ओळींवर डोलायला लागला होता.

मी पास झाले. मार्क बरे पडले, फार नाहीत. दुसऱ्या परीक्षकाच्या शेऱ्यात लिहिलं होतं की वाचन बारकाईचं आहे, मांडणी पटते, परंतु लेखिका स्वतः यात कुठेच दिसत नाही, तिच्या पार्श्वभूमीचा उपयोग झाला असता तर काम अधिक समृद्ध झालं असतं. परीक्षकाला माझं नाव कसं कळलं, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर नाव होतंच. म्हणजे आतली पानं वाचतानाही तो मुखपृष्ठच वाचत होता. कार्डिफच्या मुलीनं लिहिलेल्या प्रबंधावर कोणी असा शेरा मारला असता का? ती कुठे दिसत नाही, अशी तक्रार केली असती का? अभ्यासात माणूस दिसू नये, असंच तर आम्हाला पहिल्या टर्ममध्ये शिकवलं होतं.

निकाल कळवायला मी फोनकार्ड घेऊन सरांना फोन केला. ते निवृत्त झाले होते. शेजारच्या दुकानातून त्यांना बोलावून आणावं लागलं. मी सगळं सांगितलं, वर्ग हसला तेही, शेराही. आवाज चढलेला होता.

“नमुना म्हणजे काय गं?” त्यांनी विचारलं.

“बरणीत बेडूक ठेवतात ना सर, प्रयोगशाळेत. तसं.”

“आपल्या शाळेत प्रयोगशाळा कुठं होती?” ते खोकत हसले. “पण मला चाललं असतं. बरणीत का होईना, लंडनला गेलो असतो.”

“कार्डिफ, सर.”

“तेच ते.”

मला त्यांचाही राग आला. ज्यांच्यासाठी मी प्राध्यापकांपुढे उभी राहिले ते स्वतःच बरणीत बसायला तयार होते. मी म्हटलं, “सर, तुम्ही आम्हाला तुमच्याकडे बघू द्यायचा नाहीत. आणि आता?”

पलीकडे दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. सर म्हणाले, “ते खरं आहे. मग बरोबर केलंस.” आणि मग, “ती ओळ आली का त्यात?”

“पहिलं प्रकरण तिच्यावरच आहे.”

“आणि पोरं हसली म्हणालीस, ती कुठं हसली?”

“त्याच ओळीवर. त्यांना वाटलं, मी विसरले.”

सरांनी खोकून घसा मोकळा केला.

“म्हणजे ऐकत होती,” ते म्हणाले.

आज मी सरांबद्दल लिहितेच आहे, हे मला दिसतं. पण हे मराठीत आहे, आणि मला ते लिहायला कोणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी फोनवर मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. फोनकार्ड संपत आलं होतं आणि अजून तब्येतीची चौकशी राहिली होती. पण त्यांचं ते वाक्य मला तेव्हा पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही. ऐकणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं. आमच्या शाळेच्या वर्गात त्या ओळीवर सगळेच अडखळायचे. हसायचं मात्र कोणी नाही.